पॉइंट गार्ड कोण? संघाचं तळ्यात-मळ्यात थांबवण्याची रीत

तिसरा क्वार्टर सुरू आहे. आपल्या उंच मुलाने रिबाउंड घेतलाय, चेंडू दोन्ही हातांत कपाळाच्या वर धरलाय आणि तो डावी-उजवीकडे बघतोय. नियमाप्रमाणे 8 सेकंदांत चेंडू मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला पाहिजे. संघात गार्ड दोन, दोघेही चांगले. पण चेंडू मागायला कोणी यायचं हे ठरलेलं नाही. आधी दोघेही एकाच बाजूला धावतात, मग एकमेकांना बघून दोघेही थबकतात. शेवटी चेंडू जातो तिसऱ्याच मुलाकडे. त्याचं ड्रिबल कच्चं. समोरचा चेंडू हिसकावून घेतो आणि निवांत ले-अप मारतो. बाकावरून सर ओरडतात, "अरे, बॉल घ्यायला कोण येणार?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर सामन्याआधी सरांनीच द्यायचं होतं.

बडोद्यातल्या मकरपुरा, मांजलपूर, तरसाली, माणेजा या भागात शाळांचे, सोसायट्यांचे आणि क्लबांचे संघ चालवणाऱ्या मराठी प्रशिक्षकांसाठी, खेळाडूंसाठी आणि पालकांसाठी हा लेख आहे. सुरुवातीचा पॉइंट गार्ड कोण, या प्रश्नावर महिनोन्महिने घोळ घालणारे संघ जागोजागी दिसतात. चुकीचा गार्ड निवडल्याने जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान कोणालाच न निवडल्याने होतं. निवड चुकली तर दुरुस्त करता येते. निवडच झाली नसेल तर पाचही मुलं चाचपडत खेळतात आणि दुरुस्त काय करायचं हेही कळत नाही.

आधी दुखणं ओळखा

पॉइंट गार्डबद्दलची अनिश्चितता चार प्रकारची असते आणि चारींवरचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिला प्रकार, दोघं तोडीस तोड. एक वेगवान आणि धाडसी, दुसरा शांत आणि कमी चुका करणारा. इथे मोजमाप करून निर्णय घ्यायचा असतो.

दुसरा प्रकार, नेहमीचा गार्ड जायबंदी किंवा गैरहजर. इथे प्रश्न पुढच्या तीन-चार सामन्यांपुरता असतो. त्यासाठी सगळा खेळ बदलायची गरज नसते.

तिसरा प्रकार, संघात खरा पॉइंट गार्डच नाही. मग एकाच्या माथी सगळं मारण्याऐवजी चेंडू वर आणण्याचं काम दोघांत वाटून द्यावं लागतं.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक. धाकटा खेळाडू मोठ्यापेक्षा चांगला झालाय, हे सगळ्यांना दिसतंय, पण ज्येष्ठतेचा मान म्हणून कोणी बोलत नाही. इथे मोजमापाची गरज फारशी नसते. गरज असते धीराने आणि मायेने स्पष्ट बोलण्याची.

आपलं दुखणं यांपैकी कोणतं, हे एका कागदावर एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर उपाय शोधायची घाई करू नका.

सर्वांत बुटका तो गार्ड, हा हिशेब सोडा

आपल्याकडे शाळेच्या संघात वाटणी बहुतेक वेळा उंचीवरून होते. उंच तो सेंटर, मधला तो फॉरवर्ड आणि सर्वांत बुटका तो पॉइंट गार्ड. बाराव्या-तेराव्या वर्षी अशी वाटणी करणं म्हणजे वाढणाऱ्या मुलांवर कायमचा शिक्का मारणं. आजचा बुटका मुलगा दोन वर्षांत संघातला उंच मुलगा होऊ शकतो. तेव्हा त्याच्या अंगी गार्डचं कसब असेल तर तो दुप्पट मोलाचा ठरतो. आज उंच म्हणून बास्केटखाली उभा केलेला मुलगा पुढे इतरांच्या बरोबरीचाच राहिला, तर हातात ड्रिबल नसल्याने तो कुठेच बसत नाही.

मॅजिक जॉन्सनची उंची 6 फूट 9 इंच होती आणि तो लॉस एंजेलिस लेकर्सचा पॉइंट गार्ड होता. 1980 च्या एनबीए अंतिम मालिकेत सहाव्या सामन्याला करीम अब्दुल-जब्बार दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तेव्हा पहिल्याच मोसमातल्या या गार्डने सेंटरच्या जागी सुरुवात केली, 42 गुण आणि 15 रिबाउंड मिळवले, आणि लेकर्सने विजेतेपद जिंकलं. म्हणून तेरा-चौदा वर्षांपर्यंत संघातल्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला सरावात गार्डची जागा खेळायला द्या. तुमचा पुढचा पॉइंट गार्ड कदाचित आज बास्केटखाली उभा असेल.

वही ठेवा, आठवणीवर विसंबू नका

सामना संपला की लक्षात राहतात ते डोळे दिपवणारे पास आणि शेवटच्या मिनिटातली चूक. बाकीची पस्तीस मिनिटं विस्मरणात जातात. म्हणून एक साधी वही करा आणि ती एका पालकाकडे किंवा त्या दिवशी न खेळणाऱ्या खेळाडूकडे द्या. प्रत्येक गार्डसाठी पाच रकाने पुरेत.

1. मैदानात किती मिनिटं होता.
2. असिस्ट, म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केला.
3. टर्नओव्हर, म्हणजे शॉट न होताच चेंडू गमावला. चुकलेला पास, ट्रॅव्हलिंग, डबल ड्रिबल, 8 सेकंदांची चूक, सगळं यात आलं.
4. तो मैदानात असताना आपले गुण किती आणि समोरच्यांचे किती.
5. प्रतिस्पर्ध्याने पूर्ण मैदानात प्रेस लावल्यावर चेंडू किती वेळा सुखरूप पलीकडे गेला.

चौथा रकाना बारकाईने पाहा. समजा, पहिला गार्ड 18 मिनिटं खेळला, त्याचे स्वतःचे गुण 11, पण त्या वेळात संघाने 24 केले आणि 29 दिले. दुसरा 14 मिनिटं खेळला, स्वतःचे गुण फक्त 3, पण संघाने 22 केले आणि 15 दिले. प्रेक्षकांच्या तोंडी पहिल्याचं नाव असेल, पण संघ दुसऱ्याच्या हाताखाली चांगला खेळला. एका सामन्यावरून मात्र निकाल देऊ नका. पहिला गार्ड कदाचित समोरच्यांच्या तगड्या पाचांविरुद्ध खेळला असेल. चार-पाच सामने आणि तेवढेच सरावसामने झाले की चित्र स्पष्ट होतं.

टर्नओव्हरच्या रकान्यातही तारतम्य ठेवा. प्रेस फोडताना झालेली चूक आणि कोणी अंगावर नसताना हलगर्जीपणाने फेकलेला पास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली शिकवून सुधारते. दुसरी सवय असते आणि ती मोडायला वेळ लागतो. शालेय पातळीवर गार्डचे असिस्ट टर्नओव्हरपेक्षा जास्त असतील तर तो योग्य वाटेवर आहे. असिस्ट दुप्पट झाले तर त्याला सांभाळून ठेवा.

सरावातल्या तीन परीक्षा

सामने कमी मिळतात, ही लहान संघांची खरी अडचण. म्हणून सरावातच परीक्षा घ्या.

*अदलाबदलीची परीक्षा.* संघाचे दोन गट पाडा. पाच मिनिटं खेळवा, गुण लिहा. मग फक्त दोन गार्डांची अदलाबदल करा आणि पुन्हा पाच मिनिटं खेळवा. बाकीचे आठ जण तेच राहिले पाहिजेत. तीन-चार दिवस हे केलं की कोणाच्या येण्याने कमजोर गटही उभा राहतो ते दिसतं.

*प्रेसची परीक्षा.* गार्डच्या बाजूला एकच सहकारी द्या आणि समोर तीन बचावपटू. 8 सेकंदांत दोघांनी चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यायचा. इथे हाताइतकेच डोळे तपासा. मान खाली घालून ड्रिबल करणारा मुलगा सापळ्यात आपणहून शिरतो. मान वर असलेला मुलगा सापळा बंद होण्याआधीच पास देतो. दुबळ्या हाताने ड्रिबल करतानाही मान वर राहते का, हे मुद्दाम पाहा.

*शेवटच्या दोन मिनिटांची परीक्षा.* फळ्यावर लिहा: आपण 3 गुणांनी पुढे, 2 मिनिटं बाकी, समोरच्यांचे सांघिक फाउल 4 झालेले, आपल्याकडे एक टाइमआउट. हे सगळं गार्डला आधी समजावून सांगू नका. त्याने फळा स्वतः वाचला का, समोरच्यांच्या पुढच्या बचावातल्या फाउलवर आपल्याला दोन फ्री थ्रो मिळणार हे त्याच्या ध्यानात आलं का, शॉटची घाई न करता त्याने 24 सेकंदांचं घड्याळ वापरलं का, ते बघा. ज्या स्थानिक स्पर्धांत शॉट क्लॉक नसतो, तिथे तर वेळेचं भान ही सर्वस्वी गार्डचीच जबाबदारी होते.

या तीन परीक्षांत निकाल वेगवेगळे आले तर गोंधळू नका. एक गार्ड प्रेससमोर भक्कम आणि दुसरा शेवटच्या मिनिटांत थंड डोक्याचा, असं निघालं, तर कोणाला कधी उतरवायचं याचं उत्तरच तुमच्या हाती आलं.

निर्णय सांगण्याची पद्धत

निर्णय घेणं निम्मं काम. तो सांगणं उरलेलं निम्मं, आणि तिथेच बहुतेक जण कच खातात. सामन्याच्या दिवशी, जर्सी घालताना, "आज तू बाहेर बस," असं सांगू नका. सरावाच्या दिवशी दोघांना एकत्र बसवा, वही समोर ठेवा आणि तीन गोष्टी बोला: सुरुवात कोण करणार, किती सामन्यांपर्यंत हा निर्णय कायम राहणार, आणि दुसऱ्याचं काम नेमकं काय.

चार सामने ही चांगली मुदत आहे. तेवढ्या काळात एका चुकीवर गार्ड बदलू नका. चूक झाली की बाकाकडे बघणारा गार्ड पुढचा पास भीत-भीत देतो, आणि भीतीने दिलेला पास हमखास अडवला जातो. दर सामन्याला नवा गार्ड करत बसलात, तर एक ना धड भाराभर चिंध्या होतील. मुदत संपली की वही उघडा, गरज असेल तर बदल करा, आणि त्याचं कारण पुन्हा दोघांना सांगा.

ज्येष्ठ खेळाडूला मागे घ्यायचं असेल तर आधी त्याच्याशी एकट्याशी बोला. "तू वाईट खेळतोस" आणि "संघाला तू दुसऱ्या जागी हवा आहेस" ही दोन निराळी वाक्यं आहेत. दुसरं खरं असेल तरच बोला, कारण मुलं खोटा दिलासा लगेच ओळखतात.

बाकावरच्या गार्डला खरं काम द्या

जॉन स्टॉकटनला युटा जॅझने 1984 मध्ये घेतलं. पहिले तीन मोसम तो मुख्यतः रिकी ग्रीनच्या मागचा बदली गार्ड होता. 1987-88 मध्ये सुरुवातीची जागा मिळाली, त्यानंतर सलग नऊ मोसम तो एनबीएत असिस्टमध्ये पहिला राहिला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 15,806 असिस्ट होते. तीन वर्षं बाकावर बसलेला माणूस पुढे पासिंगचा मानदंड ठरला, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. सोबत हेही सांगा की त्या काळातही तो दर सामन्यात काही मिनिटं खेळत होता. नुसता धीर धरायला सांगून भागत नाही, मिनिटं द्यावी लागतात.

म्हणून बदली गार्डचं काम ठरवून द्या. उदाहरणार्थ, पहिल्या क्वार्टरच्या शेवटच्या 3 मिनिटांत तो उतरणार आणि दुसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या 4 मिनिटांपर्यंत संघ चालवणार. बाकावर असताना त्याने समोरच्या गार्डचा कमकुवत हात कोणता आणि प्रेस कुठून येतो ते हेरायचं आणि टाइमआउटमध्ये सांगायचं. असं काम मिळालेला मुलगा तोंड पाडून बसत नाही.

तिसऱ्या गार्डलाही विसरू नका. 2012 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क निक्सची गार्डच्या जागी चांगलीच पंचाईत झाली होती. बॅरन डेव्हिस पाठदुखीने बाहेर होता आणि इतरांकडून काम निभत नव्हतं. तेव्हा संधी मिळाली जेरेमी लिनला. हार्वर्डमध्ये शिकलेला, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला आणि त्याच मोसमात दोन संघांनी सोडून दिलेला हा खेळाडू. 4 फेब्रुवारीला नेट्सविरुद्ध त्याने बाकावरून येऊन 25 गुण केले, आणि त्या सामन्यापासून निक्सने सलग सात सामने जिंकले. संधी अशी अचानक येते. तुमच्या संघातला बारावा खेळाडूही सगळे डाव शिकलाच पाहिजे.

दोघांना एकत्र खेळवता येईल का?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण बास्केटबॉलमध्ये दोन गार्ड एकत्र राहू शकतात. अट एकच: चेंडू घ्यायला पहिला कोण येणार हे पक्कं हवं. रिबाउंड झाला की ठरलेला गार्ड रिबाउंडच्या बाजूच्या साइडलाइनकडे सरकेल आणि हात वर करून मागेल. दुसरा लगेच पुढे पळेल. ठरलेल्या गार्डला कोणी दाबून धरलं तरच दुसरा मागे येईल. हा साधा नियम आठवडाभर घोटून घ्या. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली फजिती टळते.

दोन गार्ड एकत्र असताना बचावात उंची कमी पडते. समोरचे उंच असतील तर झोन लावा किंवा ही जोडी थोड्या वेळापुरतीच ठेवा. प्रेस फोडायचा असेल किंवा आघाडी टिकवायची असेल, तेव्हा ही जोडी सोन्यासारखी उपयोगी पडते.

फाउलचाही विचार आधीच करा. पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाहेर जातो. मुख्य गार्डचे पहिल्या हाफमध्ये 3 फाउल झाले तर काय करायचं, हे सामन्याआधी ठरलेलं असावं. त्या क्षणी डोकं खाजवत बसलात तर पहिल्या हाफचे दोन टाइमआउट त्यातच जातील.

मकरपुऱ्याच्या संघांची खास अडचण

मकरपुऱ्यात ही अनिश्चितता अधिक का जाणवते, त्याचं कारण इथल्या वस्तीत आहे. मकरपुरा पॅलेस हवाई दलाकडे आहे, ओएनजीसीचा मोठा परिसर आहे, जीआयडीसीत कारखाने आहेत. इथल्या शाळांत बदलीच्या नोकऱ्यांतल्या घरांची मुलं पुष्कळ. दोन वर्षं घडवलेला गार्ड वडिलांच्या बदलीबरोबर गावही बदलतो. जो राहतो, तो दहावी किंवा बारावीच्या बोर्डाच्या वर्षात सरावाला येईनासा होतो. म्हणून इथल्या प्रशिक्षकांनी नियमच करावा: दर वर्षी एक गार्ड वरच्या इयत्तेतला आणि एक खालच्या इयत्तेतला तयार करायचा. जून महिन्यात शाळा उघडताच पालकांना बदलीचा संभव आणि बोर्डाचं वर्ष विचारून घ्या. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या घरी मराठी, वर्गमित्र गुजराती, बाजूच्या क्वार्टर्समध्ये कोणी मल्याळी, कोणी पंजाबी. मैदानात गार्डने हाक दिली आणि ती दोघांनाच कळली, तर डाव बारगळतो. बडोद्याला या बाबतीत चांगला वारसा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रो. माणिकरावांचं नाव संघव्यायामासाठी हिंदी आज्ञा रूढ करण्याच्या कामाशी जोडलेलं आहे. सगळ्यांना कळेल अशी एकच हाक, हे तत्त्व आपल्या संघातही आणा. डावांना आकडे किंवा दोन अक्षरी नावं द्या, सोबत हाताची खूण ठेवा, आणि दोन्ही गार्डांची हाक आणि खूण तंतोतंत सारखी ठेवा. गार्ड बदलला म्हणून संघाची भाषा बदलता कामा नये.

तिसरी गोष्ट सणांची आणि हवेची. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून आलेल्या मुलांची सकाळी परीक्षा घेऊ नका, निकाल फसवा निघेल. पावसाळ्यात उघडं सिमेंटचं कोर्ट निसरडं असतं. अशा दिवशी वेगाचे सराव टाळून डावांची उजळणी करा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सराव पहाटे ठेवा. सर्वांत जास्त धावणं गार्डच्या वाट्याला येतं, त्याला पाणी प्यायला मुद्दाम थांबवा.

खेळाडूंना आणि पालकांना

ज्या मुलाची किंवा मुलीची जागा पक्की नाही, त्यांना सांगणं एवढंच की तुमच्या हातातल्या गोष्टी धरून ठेवा. दुबळ्या हाताचं ड्रिबल, दमलेलं असताना फ्री थ्रो, आणि संघातल्या प्रत्येकाला चेंडू कुठे मिळाला की आवडतो याची माहिती. ही माहिती ज्याच्याजवळ असते त्याच्यावर सहकारी विश्वास टाकतात, आणि सहकाऱ्यांचा विश्वास प्रशिक्षकाला वहीपेक्षाही आधी दिसतो. तुमच्याच जागेसाठी धडपडणाऱ्या संघातल्या दुसऱ्या गार्डशी अबोला धरू नका. सरावात तुमचा सर्वांत चांगला शिक्षक तोच आहे.

वरच्या पातळीवरही जागा डळमळीत होण्याची वेळ येतेच. सॅन अँटोनियो स्पर्सने 2003 मध्ये टोनी पार्करला सुरुवातीचा गार्ड म्हणून खेळवून विजेतेपद जिंकलं, आणि त्याच उन्हाळ्यात जेसन किडला आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न केला. किड आला नाही. पार्कर रुसला असता तर कोणी दोष दिला नसता. त्याने खेळ सुधारला आणि 2007 च्या अंतिम मालिकेत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला.

पालकांनी मैदानाच्या कडेवरून निवड समिती होऊ नये. शिफ्ट संपवून, थकलेल्या अंगाने तुम्ही सामना बघायला येता, हे मुलाला फार मोलाचं असतं. त्या वेळी "पास दे", "शॉट मार" अशा सूचना दिल्या की गार्डला दोन प्रशिक्षक होतात आणि तो दोघांचंही नीट ऐकू शकत नाही. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी सरांना भेटा, आणि "माझा मुलगा का नाही?" याऐवजी "त्याने काय सुधारावं?" असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि ते मुलाच्या कामी येतं.

प्रशिक्षकांनो, पुढच्या सरावाला वही घेऊन जा. अदलाबदलीची परीक्षा लावा, दोन आठवड्यांत निर्णय घ्या, दोन्ही मुलांना समोर बसवून तो कारणासह सांगा आणि चार सामने त्यावर ठाम राहा. मुलं कडू निर्णय पचवतात. रोज बदलणारा निर्णय त्यांना पचत नाही.